ओठावरचा जर आणि अकरा दिवसांचं बाळ

मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०.१२

मागच्या महिन्यात चुलतबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. बाळ पाळण्यात पडायच्या आधीच निम्म्या गोतावळ्याने त्याचे पापे घेऊन झाले होते. त्यात एक मावशी होत्या. खालच्या ओठावर ताजा जर उठलेला, पाणी भरलेले तीन-चार फोड लांबूनही दिसत होते. मी म्हटलं, "मावशी, आज लांबूनच बघा." झालं! पुढचे दोन तास त्या घरात माझ्याइतका आगाऊ माणूस कोणी नव्हता. घुगऱ्या वाटतानासुद्धा मावशी मला नेमक्या विसरल्या.

रात्री बहिणीचा फोन. "खरंच काही होतं का रे, की उगाच घाबरवलंस?" मी डॉक्टर नाही. आरोग्याच्या आकड्यांची जुळवाजुळव हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून उत्तर आकड्यांतच शोधायला बसलो, आणि हाती लागलं ते माझ्या समजुतीच्या बरोब्बर उलटं.

थोडी ओळख करून देतो. हा जर हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुतेक वेळा ओठांवर येतो, दुसरा जननेंद्रियांवर. एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत कायमचं बिऱ्हाड करतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांत, म्हणजे ६४ टक्क्यांत, पहिला प्रकार आहे. १५ ते ४९ वयोगटात दुसरा प्रकार असलेले ५२ कोटी. आता इतकी माणसं हा विषाणू अंगात घेऊन हिंडतायत म्हटल्यावर नवजात बाळांमध्ये नुसता हाहाकार असायला हवा. तसं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज आहे वर्षाला सुमारे १४ हजार बाळांचा. लाख जन्मांमागे दहा.

शंभरातले चौसष्ट कुठे आणि लाखातले दहा कुठे! मधलं सगळं कुणी अडवलं?

उत्तर अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या अभ्यासांत आहे. तिथे १९८२ ते १९९९ या काळात ४०,०२३ बायकांचे नमुने ऐन बाळंतपणाच्या वेळी घेऊन तपासले. २०२ जणींमध्ये विषाणू सापडला. त्यातल्या १० बाळांना लागण झाली. इथवर ठीक. पण बायकांची रक्तातल्या प्रतिपिंडांप्रमाणे, म्हणजे अँटीबॉडींप्रमाणे, विभागणी केल्यावर गंमत दिसते. दुसरा प्रकार आधीपासून अंगात असलेल्या आयांच्या बाळांत लाखामागे २२ जणांना हर्पिस झाला. फक्त पहिला प्रकार असलेल्यांत २६. आणि ज्यांना आयुष्यात दोन्हींपैकी काहीच झालेलं नव्हतं, त्यांच्या बाळांत ५४.

परत वाचा. जिच्या अंगात हा विषाणू वर्षानुवर्षं आहे तिच्या बाळापेक्षा जी बाई आतापर्यंत 'स्वच्छ' आहे तिच्या बाळाला धोका जवळजवळ अडीचपट. कारण जुनी दुखणेकरीण बाळाला वारेतून प्रतिपिंडं आधीच पोचवते. 'स्वच्छ' बाईला शेवटच्या महिन्यात पहिल्यांदा लागण झाली तर प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो आणि बाळ रिकाम्या हाताने जन्माला येतं. शिवाय पहिल्या लागणीत विषाणू भरपूर सुटतो, तो भाग वेगळा.

शेवंता | रात्री १०.४०

म्हणजे नागीणच ना ही? आमच्या आजेसासऱ्यांना कमरेला निघाली होती, तिची दोन टोकं जुळली की माणूस जातो म्हणायचे.

मोजपट्टी | रात्री १०.५१

नाही हो. नागीण म्हणजे कांजिण्यांचा विषाणू, तो म्हातारपणी पुन्हा उठतो. घराणं एकच, पण हा चुलतभाऊ म्हणा. इंग्रजीत दोघांच्या नावात हर्पिस असल्याने घोळ होतो. आणि टोकं जुळून कोणी जात नाही. ती सहसा एकाच बाजूला राहते.

नाईट_ड्युटी | रात्री ११.३५

मी नवजात विभागात सिस्टर आहे. गाव आणि दवाखाना सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी अकरा दिवसांचं बाळ आलं होतं. पूर्ण दिवसांचं, साधं बाळंतपण, वजन चांगलं. आई सांगत होती, "कालपासून दूध ओढत नाही आणि रडण्यात जोर नाही." अंग थोडं कोमट. आम्ही जे करतो तेच केलं: सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, धरून अँटिबायोटिक सुरू, रक्ताचं कल्चर पाठवलं. दोन दिवसांनी कल्चर स्वच्छ आलं, बाळ मात्र उतरतच चाललेलं. तिसऱ्या रात्री डावा हात एका लयीत हलायला लागला. थंडीने थरथरतं तसं नाही. हात धरला तरी थांबेना, म्हणजे आकडी. मी अंग पुसताना टाळूच्या मागे, केसांत, हरभऱ्याच्या डाळीएवढे तीन फोड एकत्र दिसले. आजी म्हणाली, "घामोळं आहे, सकाळपासून बघतेय." डॉक्टर नुकतेच बदलून आलेले, त्यांनी टॉर्च लावून बघितलं आणि तिथल्या तिथे असायक्लोव्हिर, म्हणजे हर्पिसवरचं औषध, सुरू करायला सांगितलं. पाठीतलं पाणी पीसीआरला पाठवलं ते बाहेरगावी, रिपोर्ट यायला चार दिवस. तोवर थांबलो असतो तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

आईला कधी काही झालं होतं का, हे दहा वेळा विचारलं. नाही म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण तिच्यावर आळ घेतोय असं तिला वाटतंय. सासू दारातच उभी होती.

कुंदकळी | रात्री ११.५८

बाप रे. वाचून हात गार पडले. मला सातवा चालू आहे 😟

खडीसाखर | बुधवार, सकाळी ७.२०

धागाकर्त्याचा हेतू चांगला असेल, पण हे असले लेख वाचून गरोदर बायका रात्र रात्र जागतात त्याची जबाबदारी कोण घेणार? लाखामागे दहा! आपल्या देशात २०२० साली हजारामागे वीस बाळं पहिल्या महिन्यात जात होती. हजारामागे, लाखामागे नाही. कमी वजन, श्वास अडकणं, साधा जंतुसंसर्ग यांनी. धनुर्वाताचं २०१५ मध्ये निर्मूलन झालं म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. त्याचा निकष काय होता ठाऊक आहे? प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी. म्हणजे लाखामागे नव्वद बाळांना धनुर्वात झाला तरी 'निर्मूलन'! त्यापुढे हे दहा म्हणजे अमेरिकन लोकांची चैन आहे.

मोजपट्टी | सकाळी ९.०५

खडीसाखर, धनुर्वाताचा मुद्दा जोरदार आहे आणि आकडे बरोबर आहेत. क्रम लावायचा तर मीही हर्पिसला खूप खाली ठेवीन. पण दोन गोष्टी.

एक, धनुर्वात हटला कारण तो आधी मोजला. आठवड्याच्या बाळाची दातखीळ बसली की सुईणीलाही निदान कळायचं. हर्पिस मात्र सेप्सिसचं सोंग घेऊन येतो. सिस्टरांच्या गोष्टीत ते तीन फोड दिसले नसते तर ते बाळ कुठल्या रकान्यात गेलं असतं? तुम्ही म्हणता त्याच 'साध्या जंतुसंसर्गा'च्या. आणि मेंदूच्या किंवा सर्वांगात पसरलेल्या प्रकारात साधारण तीन बाळांमागे एकाच्या अंगावर पुळीच नसते.

दोन, मोजलं की काय होतं याचं उदाहरण न्यूयॉर्क. तिथे २००६ पासून नवजात हर्पिसची प्रत्येक केस महापालिकेला कळवणं बंधनकारक झालं. अशा नोंदींमुळे एका ठरावीक समाजगटातल्या मुलांचं चित्र स्पष्ट झालं. ज्यूंमधल्या काही कर्मठ कुटुंबांत आठव्या दिवशी सुंता करताना विधी करणारा जखमेतलं रक्त तोंडाने ओढतो. २००० ते २०११ दरम्यान अशा विधीनंतर हर्पिस झालेली ११ मुलं सापडली, दोन दगावली. पुढे शहराने पालकांची लेखी संमती सक्तीची केली, मोठा वाद झाला, २०१५ मध्ये ती सक्ती मागे घेतली. विधी बरा की वाईट यात मला पडायचं नाही. मुद्दा एवढाच की वहीत नोंद नसती तर या अकरा मुलांचं एकमेकांशी नातं दिसणं अवघड झालं असतं.

आपल्याकडे या आजाराची स्वतंत्र राष्ट्रीय नोंद होत नाही. इथलं जे छापून येतं ते बहुतेक एकेका बाळाची हकिकत म्हणून.

खडीसाखर | सकाळी ९.३०

सोंगाचा मुद्दा मान्य. चैन हा शब्द मागे. बाकी मत कायम.

मेपलपान | सकाळी १०.१५ (इकडे मध्यरात्र)

कॅनडातून. इथे २००० ते २००३ मध्ये देशभर मोजणी झाली होती, लाखामागे ५.९ बाळं. मला धक्का बसला तो पुढच्या ओळीने. त्यातल्या ६२.५ टक्के बाळांत विषाणू पहिल्या प्रकारचा, म्हणजे ओठावरचा समजतात तो. आपण सगळे 'गुप्तरोग, गुप्तरोग' म्हणून कुजबुजतो आणि इथे निम्म्याहून जास्त बाळांना झाला तो आजोबांच्या ओठावरचा!

मोजपट्टी | सकाळी ११.४०

मेपलपान, आकडा बरोबर, अर्थ थोडा चुकला. पहिला प्रकार म्हणजे आजोबांनी पापा घेतला असं धरू नका. जन्मानंतर लागण होणारी बाळं दहातलं जेमतेम एक. पंच्याऐंशी टक्के जन्मताना, आईच्या मार्गातून. उरलेली पोटात असतानाच. कॅनडातल्या त्या बाळांपैकी बहुतेकांनाही पहिला प्रकार आईकडूनच आला असणार, फक्त आईला तो ओठावर नसून खाली झालेला असणार.

आता माझा आवडता भाग. पूर्वी पहिला प्रकार पोरवयातच व्हायचा. एका ताटात जेवणारी भावंडं, आजीने चावून भरवलेला घास, एकच तांब्या. शाळेत जाईपर्यंत सगळे पावन. घरं लहान झाली, मुलं एक-दोन झाली, स्वच्छता वाढली, तशी मुलं त्याशिवायच मोठी व्हायला लागली. अमेरिकेत १४ ते १९ वयाच्या मुलामुलींत पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडं १९९९-२००४ मध्ये ३९ टक्क्यांत होती, २००५-२०१० मध्ये ३० टक्क्यांत. ही मुलगी वयात येते ती कोऱ्या पाटीने. मग तिला पहिली लागण होते ती जोडीदाराकडून, बहुधा मुखमैथुनातून, आणि कधीकधी नेमकी गरोदरपणात. नेदरलँड्समध्ये १९९२-९८ ला लाखामागे २.४ बाळं होती, २००६-११ ला ४.८. दुप्पट. अस्वच्छता वाढली म्हणून नव्हे हो!

आफ्रिकेचा प्रश्न वेगळा. तिथे दुसरा प्रकार खूप आणि जन्मही खूप, म्हणून बाळांची संख्या सर्वांत मोठी तिथे.

अडकित्ता | दुपारी १.१०

सोपं गणित करू या. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाख जन्म. लाखामागे दहा धरले तर दोनशे बाळं. म्हणजे जिल्ह्यामागे पाच-सहा. बरोबर?

मोजपट्टी | दुपारी १.३२

गुणाकार बरोबर, पण असं करू नका. तो दहाचा आकडा कुणी बाळं मोजून काढलेला नाही. कुठल्या भागात किती बायकांना लागण आहे, किती जणींना नव्याने होते, गुणिले आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण, गुणिले जन्म, असा तो बांधलेला आहे. त्यातलं आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण मुख्यतः अमेरिकेतल्या अभ्यासांचं. त्या सरासरीत आफ्रिका, अमेरिका, चीन सगळे घुसळलेत. ती उचलून थेट गोंदियाला लावायची म्हणजे मुंबईच्या पावसावरून माणदेशात पेरणी करणं.

माझा स्वतःचा कयास विचाराल तर आपल्या खेड्यांतल्या बाईला पहिला प्रकार लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि तेवढं कवच बाळाला मिळतं. उद्याचा प्रश्न पुणे-ठाण्याच्या टॉवरमध्ये वाढलेल्या एकुलत्या मुलींचा आहे. पण हा कयास, आकडा नव्हे.

कुंदकळी | दुपारी २.००

मला कुणी सरळ सांगेल का? मला वर्षातून दोनदा ओठावर जर येतो, कॉलेजपासून. ताप आला की हमखास. बाळाला दूध पाजू शकेन ना? कालपासून डोक्यात तेच.

नाईट_ड्युटी | दुपारी ३.४५

कुंदकळी, तू तर या धाग्यातली सर्वांत निर्धास्त बाई आहेस. कॉलेजपासून जर येतो म्हणजे तुझी प्रतिपिंडं बाळाला मिळणार. दूध बिनधास्त पाज. फक्त स्तनावरच फोड आला तर त्या बाजूचं पाजायचं नाही, दुसऱ्या बाजूचं चालतं. ओठावर जर असेल तेव्हा मास्क लाव, हात धू, आणि खपली धरून वाळेपर्यंत पापा नाही. स्वतःचं बाळ असलं तरी.

डॉक्टर बाईंना हे मात्र जरूर सांग: खाली कधी फोड, आग, असं झालं असेल तर. त्या छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या देतात, आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझर करतात. नवऱ्याला ओठावर जर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत त्यालाही लांब ठेव. कुठून ते तू समजून घे 😄

मोजपट्टी | दुपारी ४.१०

सिझरच्या बाबतीत सिएटलचाच आकडा आहे. विषाणू सापडलेल्या त्या २०२ जणींपैकी ८५ जणींचं सिझर झालं, त्यात एका बाळाला लागण. ११७ जणी नेहमीसारख्या बाळंत झाल्या, त्यात नऊ बाळांना. आणि जुन्या-नव्याचा फरक: त्यांच्याच १९९७ च्या अभ्यासात ७,०४६ गरोदर बायका होत्या, ९४ जणींना गरोदरपणात नव्याने लागण झाली. ज्यांची प्रतिपिंडं कळांच्या आधी तयार झाली त्यांच्या एकाही बाळाला काही झालं नाही. अगदी बाळंतपणाच्या तोंडावर लागण झालेल्या फक्त नऊ जणी, त्यात चार बाळं आजारी, एक गेलं.

म्हणून कुंदकळी, तू झोप.

कुंदकळी | दुपारी ४.१५

🙏🙏 नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. "कुठून ते समजून घे" इथे येऊन तो गप्प झाला.

गावची_आशा | संध्याकाळी ६.५०

मी आशा आहे, बारा वर्षं झाली. आम्हाला दवाखान्यात झालेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. वजन, ताप, दूध कसं ओढतं, अंगावर फोड, सगळं फॉर्मात आहे. पण आम्हाला शिकवलंय पू भरलेले फोड बघायला. हे पाण्याचे असतात का? आणि कितव्या दिवशी दिसतात? कालच एका घरी आजीने बाळाच्या डोक्यावर तेल थापून ठेवलं होतं, खालचं काही दिसेना.

मोजपट्टी | संध्याकाळी ७.२५

आशाताई, या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रश्न तुमचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळ बघायला शिकवलं, १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापले, तिथून या भेटी देशभर गेल्या. त्या आखल्या तेव्हा हर्पिस कुणाच्या मनातही नसेल. पण दिवस कसे जुळतात बघा. कातडीवरचा आणि सर्वांगात पसरणारा प्रकार साधारण दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास, मेंदूचा सोळा ते एकोणीस दिवसांच्या सुमाराला. तुमची चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाची भेट अगदी त्यावर पडते. फोडांबद्दल सिस्टर सांगतील.

नाईट_ड्युटी | रात्री ९.०५

सुरुवातीला पाण्याचे, बारीक, घोळक्याने, बुडाशी लाल. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, मग ते पुवाचेच वाटतात. जिथून बाळ आधी बाहेर आलं तिथे बघा: डोकं आधी आलं तर टाळू, पायाळू असेल तर कुल्ले. तेल पुसून बघा, आजी रागावली तर रागावली. डोळा लाल, पाणी येतंय, हेही. आणि फोड नसले तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातलं बाळ मलूल झालं, दूध सोडलं, हात-पाय लयीत हलले, तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात पाठवा. आजाराला नाव द्यायचं काम आमचं.

औषध चांगलं आहे हो. पूर्वी सर्वांगात पसरलेल्या प्रकारात शंभरातली पंच्याऐंशी बाळं जायची, मेंदूच्या प्रकारात निम्मी. आता असायक्लोव्हिर शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं तर पहिल्यात तीसेक, दुसऱ्यात चारेक. पण मेंदूला जी इजा आधीच झाली ती औषध भरून काढत नाही. म्हणून उशीर नको.

शेवंता | रात्री ९.२०

मग मावशींचं काय झालं शेवटी? चूक कोण?

मोजपट्टी | रात्री ९.४०

मावशींचा पापा हा जन्मानंतर लागण होणाऱ्या त्या दहातल्या एका वाट्यातला. माझ्या बहिणीला लहानपणी जर येऊन गेला असेल तर बाळाला कवच आहे, नसेल तर मावशींनी लांब राहायलाच हवं होतं. बहिणीला विचारलं, तिला आठवत नाही. बऱ्याच जणांना काही न दिसताच होऊन जातो, त्यामुळे न आठवणं म्हणजे न होणं नाही. बाळ आता सहा आठवड्यांचं आहे, मजेत आहे. घुगऱ्या मात्र मला अजून मिळालेल्या नाहीत.

कुंदकळी | रात्री ९.५५

सिस्टर, त्या अकरा दिवसांच्या बाळाचं पुढे काय झालं?

नाईट_ड्युटी | रात्री ११.१०

एकवीस दिवस शिरेतून औषध झालं. शिरा मिळेनात, शेवटी पायाच्या घोट्यावर लावायची वेळ आली होती. त्यानंतर सहा महिने तोंडाने. वजन वाढलं की डोस बदलायचा, म्हणून दर महिन्याला यायचे. बाप सिरिंजची खूण नेलपॉलिशने रंगवून आणायचा, "सिस्टर, आता कुठे रेघ मारू?" विचारायचा. डावा हात जरा मागे राहिला, व्यायाम चालू होता. शेवटचं आलं तेव्हा उजव्या हाताने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढत होतं.